पाच भाकरी



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, माझ्या तिसरीच्या वर्गातली पाच-सहा मुलं आमच्या घरी फराळाला आली होती. हदगावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यामुळे नाताळच्या करंज्या खायला सगळी गल्ली येते, आणि आता माझे विद्यार्थीही यायला लागले आहेत. करंजी खाता खाता एक मुलगा घरभर टकमका बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "बाई, तुमच्या घरी देव्हारा नाही की हो! मग तुमी नवस कुणाला बोलता? अन् तुमचा देव काम कसं करतो?"

मी म्हटलं, "आधी करंजी संपव!" सगळे हसले. तोही हसला आणि विषय तिथंच संपला.

त्याच्यापुरता संपला, माझ्यापुरता नाही. रात्री भांडी घासताना तोच प्रश्न डोक्यात. अरे, आपण लहानपणापासून प्रार्थना करतो, रविवारी ओसरीवर सतरंजी टाकून आठ-दहा माणसं उपासनेला बसतो, आणि एका आठ वर्षांच्या पोराला सांगता येईना, की देव काम कसं करतो! त्याचं उत्तर मला पुढे मिळालं. ते एका मुलीनं दिलं, आणि तिला तर हा प्रश्न माहीतही नव्हता. पण ते सांगण्याआधी माझ्या आज्जीची एक गोष्ट ऐका.

आज्जी शाळेत गेली नव्हती. पण बायबलातल्या गोष्टी तिला तोंडपाठ. तिची आवडती गोष्ट पाच भाकरींची. येशूचं बोलणं ऐकायला हजारो माणसं माळावर जमली होती. दिवस कलला, सगळ्यांना भुका लागल्या. आता एवढ्या माणसांना खायला काय घालायचं? शिष्यांना काही सुचेना. त्या गर्दीत एक मुलगा होता. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे होते. एवढ्याशानं काय होणार, असं मोठ्या माणसांनासुद्धा वाटलं. तरी येशूनं त्या भाकरी घेतल्या, देवाचे आभार मानले आणि वाटायला सुरुवात केली. सगळे पोटभर जेवले आणि बारा टोपल्या उरल्या!

मी आज्जीला विचारायची, "भाकरी वाढल्या कशा?" आज्जी म्हणायची, "ते देवाला ठाऊक. आपण एवढंच बघायचं, की त्या लेकरानं शिदोरी लपवली नाही."

आपल्याकडच्या मुलांना तर हे लगेच कळेल. आपल्या हदगाव तालुक्यातल्या तामशाला संक्रांतीनंतर करीच्या दिवशी बारालिंगाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत असते ना? घराघरांतून भाकरी येतात. एका घरच्या भाकरी किती? पण सगळ्यांच्या एकत्र आल्या, की ढीग लागतो आणि गावोगावची माणसं जेवून जातात. आज्जीला ही पंगत फार आवडायची. ती म्हणायची, "बघ, ह्यांनीबी शिदोरी लपवली नाही."

आता माझी चूक सांगते. शिक्षकांच्याही चुका होतात बरं का!

माझ्या त्याच वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली, की मुकादमाची गाडी यायची आणि घरातली भांडीकुंडी, कोयते, लेकरं घेऊन सगळे कारखान्याच्या फडावर. परत यायचे ते पाडव्याच्या पुढेमागे. ही मुलगी तिसरीत होती, पण वर्षातले पाच महिने वर्गातच नसायची. एप्रिलमध्ये आली, तेव्हा तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. मी काय केलं? तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि चित्रं काढायला दिली. मनात म्हटलं, 'हिचं आता काही होणार नाही. बाकीच्यांचा अभ्यास कशाला बुडवा?' मी तिला रागावले नाही, मारलं नाही. फक्त तिच्यावरचा विश्वास काढून घेतला. ते कुणाला दिसलं नाही. तिला मात्र कळलं असणार.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी जामखेडच्या आरोळे डॉक्टरांची गोष्ट सांगितली. नंतर मी मिळेल ते वाचून काढलं. तुम्हालाही ती माहीत असायला हवी.

डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेतही शिकून आलेले. मोठ्या शहरात दवाखाना काढला असता, तर पैशाला तोटा नव्हता. पण आपली विद्या खेड्यातल्या गरिबांसाठी वापरायची, असं दोघांनी देवापुढे ठरवलं होतं. १९७० साली ते जामखेडला आले. आपल्या मराठवाड्याच्या बीड जिल्ह्याला लागून असलेला हा दुष्काळी भाग. त्या काळी तिथं जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळं पहिला वाढदिवससुद्धा बघत नसत. विचार करा, जवळजवळ सहांतलं एक!

दोन डॉक्टर गावोगाव कसे पुरणार? शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात. मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवायचं ठरवलं. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. कुणी दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्याच! लोक म्हणाले, "ह्या बायका काय डॉक्टरकी करणार?" पण त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र राहायच्या आणि शिकलेलं आपल्या गावात जाऊन दुसऱ्यांना शिकवायच्या. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, लहान बाळाला काय भरवायचं, जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं.

आरोळे दांपत्यानं आणखीही खूप केलं. गावातल्या तरुणांना व्हॉलीबॉल खेळायला बोलावलं. खेळता खेळता जातीपाती बाजूला पडत गेल्या. पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या, त्या दलित वस्तीत. म्हणजे सगळ्या गावाला तिथंच पाणी भरायला यावं लागलं. आणि वीस-बावीस वर्षांत, जिथं हजारात १७६ बाळं दगावत होती, तिथं तो आकडा विसाच्या आसपास आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ साली मेबलताई गेल्या, २०११ साली रजनीकांतही गेले. त्यांनी शिकवलेल्या बायकांनी पुढे आणखी बायका तयार केल्या. त्यांच्यातली एक जण तर थेट अमेरिकेतल्या मोठ्या सभेत बोलून आली. तिथल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून तिनं सांगितलं, की डॉक्टर असे असतात, सुंदर पण महागडे आणि हाती न लागणारे. मग तिनं जवळची साधी पणती पेटवली आणि त्या पणतीनं दुसरी.

हे वाचलं आणि मी गप्पच झाले. आरोळ्यांचा देवावर विश्वास होता, म्हणून त्यांनी ज्यांच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता त्या माणसांवर विश्वास टाकला. आणि मी? रोज रात्री प्रार्थना करून सकाळी एका लेकराला शेवटच्या रांगेत बसवणारी!

जून महिना उजाडला. मुलं चौथीत गेली, वर्ग माझ्याकडेच राहिला. पहिल्याच आठवड्यात दशक-एककाची उजळणी चालू होती. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधत होतो. ती मुलगी मागून हळूच म्हणाली, "बाई, हे तर मला येतंय. फडात आमी मोळ्या मोजताव की." मी तिला पुढे बोलावलं. तिनं असे भराभर गठ्ठे बांधले आणि मोजले, की मुलं बघतच राहिली! ऊस तोडून बांधलेल्या मोळ्यांचा हिशोब बापासाठी हीच ठेवत होती. आणि मी तिला वर्षभर चित्रं काढायला लावणार होते.

त्या दिवसापासून पहिलीच्या मुलांना मोजणी शिकवायचं काम मी तिच्याकडे दिलं. मग पाटीवर नावं लिहायची, म्हणून अक्षरं आली. अक्षरांमागोमाग जोडाक्षरं. काही जादू झाली नाही हं. आजही ती ओळीखाली बोट ठेवूनच वाचते. पण वाचते.

त्याच पावसाळ्यात मी वर्गाला साखर-मिठाचं पाणी करायला शिकवलं. तुम्हीही शिकून ठेवा. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. जास्त नाही, कमी नाही. जुलाब होत असलेल्या माणसाला थोडं थोडं पाजत राहायचं आणि दवाखान्यातही न्यायचं.

बघता बघता दिवाळी आली. मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "ताई, लेकीला यंदा नेऊ नका. आज्जीजवळ राहू द्या." तिची माय खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सासूबाई थकल्यात. त्यांना काही झालं, तर हे लेकरू काय करंल? तुमच्या भरवशावर ठेवून जाऊ का, बाई?"

मी 'हो' म्हणाले. पण खरं सांगू? घरी येईपर्यंत पाय लटपटत होते. देवावर विश्वास ठेवणं सोपं वाटत होतं; कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला, की कळतं ते केवढं ओझं असतं. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू एकटीच कशाला उचलतेस? गल्ली आहे की." खरंच, गल्ली होती. आई एक दिवसाआड भाजी पाठवायची. समोरच्या चाची रात्री निजण्याआधी डोकावून जायच्या. पलीकडच्या वहिनी मुलीची वेणी घालून द्यायच्या.

पौषातल्या एका रात्री दोनच्या सुमारास माझा फोन वाजला. समोरचे चाचा बोलत होते. म्हातारीला उलट्या-जुलाब चालू होते. मी धावत गेले. बघते तर काय! ती मुलगी आज्जीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं पाणी पाजत होती. शेजारी साखरेचा डबा, मिठाची बरणी, झाकलेला तांब्या. तिनं आधी पाणी केलं होतं आणि मगच चाचांचं दार वाजवलं होतं. चाचांनी ऑटो काढला, आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "घरी काही पाजलं होतं का?" मुलीनं माप सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास!"

दवाखान्याच्या बाकड्यावर मुलीचा हात हातात धरून मी रात्रभर प्रार्थना केली. फार घाबरले होते. 'देवा, मी शब्द दिलाय, म्हातारी जगू दे', एवढंच म्हणत होते. दुसऱ्या बाजूला चाचा डोळे मिटून त्यांची दुवा मागत होते. सकाळी म्हातारीनं डोळे उघडले आणि चहा मागितला!

थोड्या वेळानं फडावरून मायचा फोन आला. मी म्हटलं, "ताई, सासूबाई बऱ्या आहेत. तुमच्या लेकीनं सांभाळलं." पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं.

तर मुलांनो, परवाच्या नाताळला तो करंजीवाला मुलगा पुन्हा आला होता. आता तो पाचवीत आहे. मीच त्याला म्हटलं, "तू मला विचारलं होतंस ना, आमचा देव काम कसं करतो? ऐक." आणि ही सगळी गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "म्हणजे बाई, काम तर सगळं हिनं अन् चाचांनीच केलं की!"

मी म्हटलं, "हो. तसंच करतो तो."

त्याला पटलं की नाही, कोण जाणे. पण जाताना त्यानं दोन करंज्या खिशात घातल्या. म्हणाला, "ह्या तिच्या आज्जीला."

तुमच्या शिदोरीत काय आहे? पाढे येत असतील, वेणी घालता येत असेल, सायकल असेल, नाहीतर नुसता मोकळा वेळ असेल. एवढ्याशानं काय होणार, असं म्हणू नका. आणि आईबाबांनो, तुमच्या ओळखीचं एखादं लेकरू शेवटच्या रांगेत बसलं असेल, तर त्याला आज एक जबाबदारीचं काम सांगून बघा.

तुमची,
बाई