खांब नंबर चार

२०२४ ची दिवाळी ते २०२५ ची होळी, ह्या चार महिन्यांतले माझे जवळजवळ सगळे वीकेंड एका वायरीमागे गेले. हसू नका, खरंच सांगतोय. मित्र लोणावळा, अलिबाग करत होते आणि मी शुक्रवारी रात्री हिंजवडीतून निघून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, कशासाठी, तर 'लाईट कधी मिळणार' हे विचारायला!

तर झालं असं... दादाची पुण्यातली नोकरी २०२० मध्ये गेली आणि तो गावी परतला. बरेच उद्योग करून झाल्यावर त्यानं ठरवलं, चटणी कांडप आणि पिठाची गिरणी टाकायची. बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे, थोडं माझं सेव्हिंग आणि उरलेलं बँकेचं कर्ज. दिवाळीपर्यंत रस्त्याकडेच्या आमच्या तुकड्यावर छान शेड उभी राहिली. दहा हॉर्सपॉवरचं कांडप, साडेसातची गिरणी, भिंतीला पिवळा रंग, दारावर आंब्याचं तोरण. सगळं होतं, फक्त वीज नव्हती.

आमच्याकडे वर्षाची चटणी मार्च ते मे मध्ये होते. तो सीझन हुकला की थेट पुढचं वर्ष. आणि बँकेचा हप्ता फेब्रुवारीपासून सुरू! हप्त्याला मिरची वाळली की नाही ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मला आधी हे सगळं फार सोपं वाटलं होतं. शेडपासून साठ फुटांवर डीपी. वायर अक्षरशः डोक्यावरून गेलेली. साडेसतरा हॉर्सपॉवर म्हणजे साधारण तेरा किलोवॅट, त्यात काय एवढं? ऑनलाईन अर्ज भरला, कागद स्कॅन करून टाकले, पैसे भरले. तीन आठवड्यांनी शेरा आला, 'फिजिबल नाही'. कारण काही नाही. फोन लागेना, लागला तर 'साहेब साईटवर आहेत'.

मग मी वीज कायदा २००३ वाचून काढला. कलम ४३. अर्ज आल्यापासून एका महिन्यात वीज द्यायची, नाही दिली तर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड. प्रिंट काढली, पिवळ्या हायलायटरनं रंगवली आणि सोमवारची रजा टाकून ऑफिसात गेलो. बाबा म्हणाले, "कागद नाचवू नकोस, नुसतं विचार." मी अर्थातच नाचवला.

तिथला ज्युनिअर इंजिनिअर माझ्याच वयाचा निघाला. त्यानं प्रिंट शांतपणे वाचली आणि खालच्या ओळींवर बोट ठेवलं. लाईन वाढवावी लागत असेल तर ही एक महिन्याची मुदत लागू होत नाही. मग ड्रॉवरमधून नकाशा काढला. "तुमच्या दारातली डीपी शेतीच्या फिडरवर आहे. त्यावर थ्री फेज आठ तास, तेही कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला चटणी कुटणार का तुम्ही? तुम्हाला गावठाण फिडर पाहिजे. तो देवळाजवळ आहे. तीनशे मीटर, सात खांब."

मी गप्प. इतके दिवस मी फक्त वायर आहे का एवढंच बघत होतो. तिच्यातून काय येतं आणि केव्हा येतं, हे विचारायचं सुचलंच नव्हतं. च्यायला, इंजिनिअर म्हणवतो आपण! (हे त्यांनी शेऱ्यात एका ओळीत लिहिलं असतं तर माझा दीड महिना वाचला असता, हे मात्र आजही म्हणणं आहे.)

खर्च आम्ही करायचा, काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून. एस्टिमेट बघून दादानं ठरलेलं मोटारसायकलचं गिऱ्हाईक बोलावून घेतलं. आणि मग साहेब म्हणाले, "खांब नंबर चार दुसऱ्याच्या बांधावर येतोय. त्यांची लेखी संमती आणा. नाहीतर वळसा घालून अजून पाच खांब."

तो बांध अण्णाकाकांचा.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. एकाच वर्गात शिकले, एकाच विहिरीत पोहायला शिकले, आणि १९९८ मध्ये ह्याच बांधावरून कोर्टात गेले. वाद किती जमिनीचा? हातभर. तेव्हापासून बोलणं बंद. दादाच्या लग्नालाही ते आले नाहीत. मी म्हटलं, पाच खांबांचं कर्ज काढू, नाहीतर वर तक्रार करू, मी मेल ड्राफ्ट करतो. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. मी मागोमाग.

अण्णाकाका ओट्यावर बसले होते. बघून उठले नाहीत, पण सतरंजी सरकवली. मला म्हणाले, "कवा आलास?" मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. चहा आला. बाबांनी एका दमात सगळं सांगितलं. खांब, फिडर, हप्ता. 'पोराचं हाय' एवढं म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला. बाबांना कुणाकडे काही मागताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला खाली बघावंसं वाटलं.

"खांब बांधाच्या कुठल्या अंगाला रोवणार?" काकांनी विचारलं.

"तू म्हणशील त्या."

काका थोडा वेळ अंगणाकडे बघत राहिले. "मधोमध रोवा," म्हणाले. "कागद आण, सही करतो."

एवढंच. गळाभेट वगैरे काही झालं नाही. येताना बाबा म्हणाले, "चहात साखर अजून तेवढीच घालतोय."

होळीच्या आदल्या आठवड्यात मीटर बसला. मोटर चालू केली आणि ती उलटीच फिरायला लागली! दादाचा चेहरा उतरला. वायरमन हसला, मेन स्विच पाडला, तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा चालू. सुलटी. थ्री फेजमध्ये तेवढंच करावं लागतं, हे मी सेकंड इयरला शिकलो होतो. तोंडी परीक्षेत उत्तरही दिलं होतं. वेळेवर आठवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी अण्णाकाकांची सून पाच किलो मिरची घेऊन आली. बाबा पैसे घेईनात. ती पदराची गाठ सोडत म्हणाली, "मामंजींनी सांगितलंय, खांबाचं भाडं घेतलं नाही, मग कांडपपण फुकट नको."

बाबांनी पैसे घेतले. मोजले नाहीत.

असो. माझा तक्रारीचा मेल अजून ड्राफ्टमध्येच पडून आहे. घरी वर्षाची चटणी आली आहे, यंदा जरा तिखट आहे. :)