नरोटी आणि लायनर

ज्या गाडीविषयी हे लिहीत आहोत ती आमची नव्हे. ती चालवण्याचे धाडसही आम्ही आयुष्यात दोनदाच केले आणि दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या दादांनी मुकाट्याने हातब्रेकवर हात ठेवला होता. तरीही गेल्या वर्षीचा सबंध पावसाळा तिने आमच्याकडून वसूल केला, आणि एका अशा प्रश्नापाशी नेऊन सोडले की जो आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवत आलो होतो. शिकवणे आणि त्याला तोंड देणे यांत बरेच अंतर असते, हे त्या निमित्ताने कळले.

गाडीचे नाव सॅन स्टॉर्म. साहित्याच्या अभ्यासकांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. सॅन मोटर्स या कंपनीने १९९८ साली ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार बाजारात आणली आणि तिची बांधणी गोव्यात होत असे. अंग फायबरचे, बुटके, रस्त्याला चिकटून बसणारे. जाहिरातीत तिला स्पोर्ट्स कार म्हणत आणि दिसायला ती तशी होतीही. पण आत बसवलेले इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसीचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे होते. तेच इंजिन फ्रान्समध्ये क्लिओ आणि ट्विंगो अशा घरगुती छोट्या मोटारींत बसत होते. म्हणजे अंगरखा नटाचा आणि काळीज कारकुनाचे. आम्ही असे म्हटले की दादा चिडत. ‘कारकुनाचे असले म्हणून काय झाले, धडधडते ना?’ एवढेच त्यांचे उत्तर असे.

दादा वीजमंडळात अभियंता होते आणि नोकरीची अखेरची बरीच वर्षे त्यांनी पडघ्याच्या उपकेंद्रात काढली. भिवंडीकडून नाशिकच्या वाटेवर पडघे आले की दोन्ही अंगांना गोदामांच्या निळ्या-पांढऱ्या भिंती आणि त्यांच्या मधल्या उरल्यासुरल्या भातखाचरांवरून गेलेल्या उच्चदाबाच्या तारा दिसतात. त्यांतलीच एक वाहिनी चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर चालत येते. ती एकदिश प्रवाह आणते आणि पडघ्यास त्याचा प्रत्यावर्ती प्रवाह करून तो पुढे पाठवला जातो. ‘चंद्रपूरची वीज ती हीच का?’ असे आम्ही एकदा तत्त्वज्ञानाच्या आविर्भावात विचारले, तेव्हा दादा म्हणाले होते, ‘ठाण्यात दिवा लागला की मला पुरते.’ २००४ साली गोव्यातून ही गाडी त्यांनी जुनी म्हणून विकत घेतली. वहिनींनी पहिले आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून त्या शेजारी जाऊन बसल्या. २०२१ साली दादा गेले. गाडी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि पुतणी महिन्या-दोन महिन्यांनी ठाण्याहून येऊन तिला एक फेरी मारून आणू लागली.

गेल्या मे महिन्यात अशाच एका फेरीवरून परतताना वडप्याच्या अलीकडे वाहतूक तुंबली. दुपारचा एक वाजला होता. रेडिएटरचा वीस-बावीस वर्षे जुना रबरी पाईप फुटला, पाणी वाहून गेले, तापमानाचा काटा वर चढला. तो तिने पाहिला; पण घर आता थोडेच उरले आहे, एवढा टप्पा गाठू, असा विचार करून ती पुढे आली. दाराशी आल्यावर गाडी बंद पडली ती पडलीच. इंजिन जाम झाले होते.

‘काका, बाबांची गाडी मी मारली,’ असे तिने त्या रात्री फोनवर सांगितले. त्या वाक्यामुळे पुढचे सर्व घडले. नाहीतर एक जुनी मोटार भंगारात जाणे ही काही निबंध लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे.

महामार्गालगत ज्यांचे गॅरेज आहे ते मिस्त्री मुख्यतः ट्रकचे काम करतात. दादांवरच्या लोभापायी ही गाडी मात्र ते स्वतः पाहत. त्यांनी इंजिन उतरवले, खोलले आणि आम्हां तिघांना बोलावून एकेक भाग दाखवला. हेड तापून वाकले होते. गॅसकेट जळून पाणी ऑईलमध्ये शिरले होते, त्यामुळे ऑईल दुधाच्या चहासारखे झाले होते. वंगण गेल्यामुळे बेअरिंगा घासल्या, क्रँकवर चरे पडले आणि चारांपैकी दोन सिलिंडरांच्या भिंती पिस्टनने ओरबाडून काढल्या होत्या. बोटाचे नख फिरवले की अडकत होते. मिस्त्रींनी पुतणीचे बोट धरून त्या चऱ्यावरून फिरवले आणि म्हणाले, ‘हे तुझ्या हातून नाही झाले. पाईप जुना होता, बाई. माझ्या हातात असती तरी गेली असती.’ ते खरे होते की सांत्वन होते हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, हेच इंजिन पुन्हा बांधायचे. ब्लॉकमध्ये लायनर ठोकायचे, क्रँक पाव मिलिमीटर घासून घ्यायचा, हेडला फेसिंग करायचे. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंगा इथल्या बाजारात मिळणार नाहीत. त्या युरोपातून शोधून आणाव्या लागतील, आणि एवढे करूनही हमी कोणी देणार नाही. दुसरी वाट सोपी. मारुतीचे तेराशे सीसीचे चांगले चालते इंजिन गिअरबॉक्ससकट मिळते, सुटे भाग कोणत्याही नाक्यावर मिळतात आणि ताकदही थोडी अधिक. खर्च दोन्हींचा जवळपास सारखा. ‘ठरवा आणि सांगा,’ असे म्हणून ते एका डंपरखाली शिरले.

ठरवणे आम्हांला अगदी सोपे वाटले होते. आम्ही मूळ संहितेच्या बाजूचे! आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की लेखकाच्या शब्दाला हात लावू नये, प्रक्षेप हा अपराध आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी बजावले की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवल्यासारखे होईल. हा दाखला आम्ही त्याच संध्याकाळी वहिनींच्या ओसरीवर बसून दिला. मारुतीचे इंजिन म्हणजे नरोटी. पुतणीने मान डोलावली. तिला तर कोणत्याही किमतीला तेच इंजिन हवे होते. जे आपल्या हातून मोडले ते जसेच्या तसे परत करायचे होते.

वहिनी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘भावोजी, ते इंजिन तरी गाडीचे कुठे होते? तुम्हीच म्हणायचा ना, कारकुनाचे काळीज. ह्यांना गाडी चाललेली आवडायची. चालेल ते बसवा.’

या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरोखरच, मूळ कशाला म्हणायचे? सांगाडा आणि अंग इथले, इंजिन फ्रान्सच्या एका घरगुती मोटारीचे. तिचा जन्मच उसनवारीत झालेला. आणि आपल्या देशातल्या मोटारींचा इतिहास पाहिला तर हे अपवादात्मकही नव्हे. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली ११८ एनई काढली तेव्हा फियाटच्या अंगात निस्सानचे इंजिन बसवले होते. वॉक्सहॉलच्या देहाच्या कॉन्टेसाला पुढे इसुझूचे इंजिन आले. कोणी त्यांना भ्रष्ट प्रत म्हटले नाही. उलट लोक जुन्या इंजिनातून सुटका झाली म्हणून खूश होते. (थीसियसच्या जहाजाचा दाखला येथे वाचकांना आठवेल, परंतु तो इतका घासला गेला आहे की त्यालाही आता लायनर हवा. त्यापेक्षा ‘मिलिंदप्रश्ना’तला रथ बरा. नागसेन राजाला विचारतो की आस हा रथ का, चाके हा रथ का, आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. पण तो रथ निदान चालू होता, राजा त्यातूनच आला होता.)

यानंतर दोन आठवडे आम्ही काहीच ठरवले नाही. दर रविवारी कल्याणहून गांधारीच्या पुलावरून पडघ्यास जायचे, सुटे झालेले इंजिन पाहायचे आणि परतायचे. या काळात पुतणीने फ्रान्समधला एक जुन्या भागांचा विक्रेता शोधून काढला. ट्विंगोसाठी अजून पिस्टन मिळत होते, मात्र मूळ मापाचेच. मिस्त्री म्हणाले, मग चारही सिलिंडरांना लायनर घालून भोक पुन्हा मूळ मापावर आणू. आणि सहज, चहा पिता पिता, त्यांनी एक गोष्ट सांगितली. मारुतीचे इंजिन बसवायचे तर सांगाड्यावरची फाउंडेशन कापावी लागतील, नवी वेल्ड करावी लागतील, वायरिंग बदलावे लागेल. ‘एकदा कापले की सर, मग परत पहिले इंजिन बसवायचे म्हटले तरी बसणार नाही. हे बांधले आणि नाही चालले, तर मारुतीचे केव्हाही बसवता येईल.’

आम्ही चहाचा पेला खाली ठेवला. ही गोष्ट आम्हांला ग्रंथांच्या बाबतीत ठाऊक होती आणि तरी सुचली नव्हती. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली खरी. पण त्यांनी कोणते पाठ टाकले याची नोंद आपल्यापाशी नाही. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत पुढे आणली तेव्हा एवढी खळबळ झाली. याउलट पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत होती. तिच्या संपादकांनी, विशेषतः सुखटणकरांनी, नाकारलेला प्रत्येक महत्त्वाचा पाठ पानाच्या खाली ठेवला आणि वर घेतलेल्या पाठाविषयी जिथे शंका होती तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. पुढच्या माणसाला वाटले तर त्याने खालचा पाठ वर घ्यावा. फाउंडेशन कापलेली नाहीत. आम्ही विद्यार्थ्यांना ती नागमोडी रेघ दाखवत आलो ती संपादकाच्या विनयाचा नमुना म्हणून. तिच्यात पुढच्याच्या हाताची सोय आहे हे एका ट्रकच्या मिस्त्रीने सांगावे लागले. नाथांवर यात काही आरोप नाही. त्यांचा ग्रंथ कीर्तनात, पारायणात उभा राहायचा होता, आणि वहिनींच्या भाषेत सांगायचे तर त्यांना तो चाललेला हवा होता. आजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे असे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितल्याची आख्यायिका आहेच. मुळी काढायला गेलेला माणूस पाठभेदांची यादी करत बसत नाही.

तर इंजिन बांधायचे ठरले. वहिनींनी एकच अट घातली: दिवाळीपर्यंत गाडी चालली नाही तर मारुतीचे बसवायचे आणि त्या वेळी कोणी संत-महंत काढायचे नाहीत. आम्ही मान्य केले. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न होताच. इंजिन बदलले की नोंदणीपुस्तकातला क्रमांक बदलावा लागतो, आणि वेगळ्या बनावटीचे इंजिन घालायचे तर परवानगीची वाट लांबची. पण खरे सांगायचे तर तो मुद्दा आम्ही नंतर, निर्णयाला भारदस्तपणा यावा म्हणून, जोडला.

ब्लॉक भिवंडीच्या एका लेथवाल्याकडे गेला. तिथे आम्ही एक दुपार बसलो. बोअर झाल्यावर भिंती आरशासारख्या दिसत होत्या आणि आम्हांला वाटले झाले काम. लेथवाला हसला. त्याने होनिंगचे दगड आत घालून खाली-वर फिरवले, तशा त्या चकचकीत भिंतीवर दोन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उमटल्या. गुळगुळीत भिंतीवर ऑईल ठरत नाही, या रेघांमध्ये ते धरून राहते आणि रिंगा बसतात, असे त्याने समजावले. गुळगुळीत गद्याविषयी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची तक्रार अशीच असे. असो.

पार्सल भाद्रपदात आले. मिस्त्रींनी इंजिन बांधायला नऊ दिवस घेतले, कारण मधेमधे ट्रक येत होते. पुतणीने रजा काढून शेवटचे तीन दिवस त्यांच्या हाताखाली काम केले. हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने आणि किती आवळायचे हे तिने वहीत लिहून ठेवले आहे. काढलेले चारही पिस्टन, बेअरिंगांचे वाटे आणि जळके गॅसकेट मिस्त्रींनी ऑईलच्या डब्यात घालून, वर कागद चिकटवून, शेडमध्ये फळीवर ठेवले.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी इंजिन सुरू झाले. पहिल्यांदा निळा धूर निघाला, मग तो विरळ होत गेला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी हळदकुंकू वाहिले आणि डोक्याला रुमाल बांधायला आत गेल्या. मिस्त्रींनी बजावले की पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचे नाही, एका वेगाने सारखे चालवायचे नाही आणि मग ऑईल बदलायला यायचे. आसने दोनच. तेव्हा पहिली फेरी मायलेकींची झाली आणि आम्ही मागून मिस्त्रींच्या भाच्याच्या रिक्षात बसलो. नाशिकच्या दिशेने, डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू नयेत अशा धुक्यात ती लाल बुटकी गाडी पन्नासने चालली होती. एका कंटेनरने हॉर्न मारून तिला ओलांडले, मग एका टेम्पोने. रिक्षावाला मुलगा अस्वस्थ होऊन म्हणाला, ‘सर, आपण पुढे काढू का?’ आम्ही त्याला नको म्हटले.