चार मोकळ्या तारा

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवी विद्या शिकूं नये, हा समज बहुधा ज्यांना कांहींच शिकावयाचें नसतें अशांनींच रूढ केला असावा. मी गेल्या पावसाळ्यापासून उकुलेले शिकत आहें. विद्याभ्यासासाठीं परदेशीं गेलेल्या आमच्या मुलीनें तें मागें ठेविलें होतें.

हें हातभर लांबीचें, चार तारांचें वाद्य. १८७९ सालीं मदीरा बेटांतील पोर्तुगीज कारागीर ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजानें होनोलुलूस उतरले. त्यांच्या मुलखांतील चिमुकल्या तंतुवाद्यापासून हवाईत याचा जन्म झाला, आणि राजा कलाकौआनें त्याला दरबारांत मानाची जागा दिली. नांवाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात.

आपल्याकडे सूर एकामागून एक येतात. पाश्चात्यांकडे ते घोळक्यानें येतात. अशा घोळक्यांपैकीं ‘मायनर सेव्हन्थ’ हा चौसुरी मेळ मला विशेष आवडला. आपल्या परिभाषेंत तो षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद यांचा मेळ होय. गंमत अशी, कीं उकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए या सुरांत लावलेल्या असतात. त्यामुळें एकहि बोट न टेकतां नुसता अंगठा फिरविला, कीं ए मायनर सेव्हन्थ उमटतो! तिसऱ्या घरांत तर्जनी आडवी घालून चारही तारा दाबल्या, कीं सी मायनर सेव्हन्थ. डी मायनर सेव्हन्थला मात्र चारही बोटें लागतात, आणि जन्मभर खडूलाहि न शिवलेल्या माझ्या करंगळीला हें नवें काम जाचक वाटतें.

पण खरें नवल मोकळ्या तारांचेंच. ए ऐवजीं सी हा षड्ज मानला, तर तेच चार सूर सा, ग, प, ध होतात. रिषभ तेवढा वगळला तर हा प्रसन्न भूपच. आपले गवई भूपाच्या धैवताला षड्ज मानून धानीचे सूर दाखवितात, तोच हा प्रकार. सुरांत केसभरहि फरक नाहीं. फरक पडतो तो आधार कोणता धरला यानें.

मुलगी गेल्यापासून घर मला उदास वाटतें. सौ. म्हणते, “पोर मार्गाला लागली, यापरतें सुख तें कोणतें?” भिंती त्याच, दिवेलागणीची वेळ तीच, जेवणाच्या पाटावरची रिकामी जागाहि तीच. मी त्या जागेला षड्ज मानतों. ती मुलीच्या पत्रांना मानते. दोघेंहि बेसूर नाहीं. मात्र हें बुद्धीला पटलें म्हणून कान लगेच वळत नाहीं. त्यालाहि करंगळीइतकाच रियाज हवा. हल्लीं संध्याकाळीं मी मोकळ्या तारा छेडतों आणि त्यांत भूप ऐकण्याचा प्रयत्न करतों. कधीं कधीं तो ऐकूं येतो.