बदलीचे बिऱ्हाड

दर बदलीस सामान बांधताना ‘डीप पर्पल’च्या कॅसेटींवरून आमचा चिरंजीवांशी खटका उडे. तो गोंगाट आम्हांस कधीच रुचला नाही. शेवटच्या बदलीवर गुवाहाटीस आलो ते उभयताच. मुलगा परदेशी, अन् कॅसेटी मात्र आमच्या ट्रंकेत!

त्या इंग्रज मेळ्यातील आवकजावक त्याला तोंडपाठ असे. १९६८ साली पाच जण जमले. पुढच्याच वर्षी गायक आणि बासवादक बदलले. त्यांच्या जागी आलेले गिलन व ग्लोव्हर १९७३ मध्ये गेले, गिटारवादक ब्लॅकमोर १९७५ मध्ये. १९७६ साली मेळाच मोडला. १९८४ मध्ये जुने सवंगडी पुन्हा जमले, तर १९९३ मध्ये ब्लॅकमोर पुन्हा निघून गेला. आमच्या खात्याचे हुकूमही इतके लहरी नसत! ड्रमवर मात्र आरंभापासून एकच माणूस, इयान पेस.

“बाबा, नुसते ड्रम ऐका ना,” असे तो म्हणे. आम्ही फायलीतून मान वर काढीत नसू.

परवा पावसाच्या रात्री ऐकले. ऐकता ऐकता त्याच्या शाळा बोटांवर मोजल्या. सात भरल्या. मग पत्र लिहावयास बसलो. मायना झाला, पुढे हात चालेना.