रावांबरोबर तंजावर

एखादे गाव पाहायचे असेल तर त्या गावच्या माणसाला बरोबर घेऊ नये, असे माझे जुने मत आहे. तो देऊळ दाखवायला म्हणून नेतो आणि वाटेत डॉक्टरचा दवाखाना, मेव्हण्याचे दुकान आणि पूर्वी जिथे विहीर होती ती जागा दाखवून परत आणतो. तंजावरला मात्र या मताला मुरड घालावी लागली. तिथे आमचे राव राहतात.

राव म्हणजे मुंबईच्या कचेरीत तीस वर्षे माझ्या शेजारच्या टेबलाशी बसलेले गृहस्थ. घरात मराठी, शाळेत तमिळ, कामाला इंग्रजी. ते मराठी बोलू लागले की एखाद्या बखरीतला कारकून उठून चहा मागतो आहे असे वाटे, आणि कचेरीतली मंडळी गालातल्या गालात हसत. देवनागरी ते पाट्या वाचण्यापुरते शिकले. पण सबंध पान वाचायचा धीर त्यांना कधी झाला नाही; घरची मराठी पत्रेदेखील तमिळ अक्षरांत येत. निवृत्त झाले नि वडिलांच्या घरी परतले. गेल्या जानेवारीत मी त्यांच्याकडे जाऊन थडकलो.

सकाळी आठालाच आम्ही मोठ्या देवळात होतो. राजराज चोळाने हे बृहदीश्वराचे मंदिर 1010 साली पुरे केले. शिखर दोनशे फुटांहून उंच. त्याच्याकडे पाहताना टोपी पडते असे लिहायची रीत आहे. मी टोपी घालीत नाही, म्हणून मान दुखली एवढेच लिहितो. एक वाटाड्या काही मंडळींना सांगत होता, की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. सारी मंडळी माना डोलवीत होती, आणि ऊन लागते म्हणून सगळी त्या सावलीतच उभी होती!

“लहानपणी आम्हीही हेच सांगायचो,” राव म्हणाले. “सावलीत बसून.”

या देवळाच्या दगडांवर राजराजाने जे लिहून ठेवले आहे, ते वाचले की राजा कमी नि कारभारी जास्त वाटतो. कोणत्या देवाला किती सोने, कोणत्या दिव्याला किती तूप, सगळे टिपलेले. देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावे आहेत, आणि कोणती कोणत्या रस्त्यावर कोणत्या ओळीत राहते तेही आहे. हजार वर्षांनी टपाल टाकले तरी पोचावे!

आणि मग राव मला प्राकाराच्या नैर्ऋत्य अंगाला घेऊन गेले. “हे तुमचं,” ते म्हणाले.

भिंतीवर मराठी होते. देवनागरी अक्षरे, ओळीमागून ओळ, डोळा पुरेपर्यंत. सरफोजीराजांच्या चिटणिसाने लिहिलेले भोसले वंशाचे हे चरित्र 1803 च्या डिसेंबरात इथे कोरले गेले. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ एकोजी 1675 च्या सुमारास इकडे आले, त्यांच्या घराण्याची ही कथा. राजराजाच्या लेखांनंतर हा वाचला की एक गोष्ट मनात टोचते. ज्याच्या हाती राज्य होते, त्याने आपण काय दिले ते लिहिले. सरफोजीराजांनी 1799 च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला होता. त्यांनी आपण कोण ते लिहिले. लेख कोरला गेला त्याच महिन्यात तिकडे नागपूरकर भोसले आणि शिंदे इंग्रजांशी तह करीत होते.

“तुम्ही वाचा,” राव म्हणाले. “मी मुंजीपासून या भिंतीवरून जातोय. मोठ्यानं कुणी वाचलेलं ऐकलं नाही.”

मी वाचू लागलो. अक्षरे एकाला एक चिकटलेली, कुठे चुन्याने बुजलेली. चार शब्द लागत, पाचवा निसटे. राव डोळे मिटून उभे. मी एखाद्या जुन्या शब्दाशी अडखळलो की ते हळूच तो पुरा करीत आणि अर्थही सांगत. मुंबईत ज्या शब्दांना आम्ही हसत होतो, त्यांतले दोन-तीन त्या भिंतीवर होते. शेजारून फुगा घेतलेले एक पोर गेले. त्याला दोन म्हातारे भिंतीशी बोलताना दिसले असावेत.

दुपार राजवाड्यात गेली. दरबाराचा महाल पाहिला, चोळांच्या काशाच्या मूर्ती पाहिल्या. त्यांच्याविषयी चार ओळीत लिहिणे म्हणजे अपमान, म्हणून लिहीत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र पाय रेंगाळले. राजे गेले की तलवारी उरतात. इथे पोथ्या उरल्या आहेत. संस्कृतच्या सर्वांत जास्त, पण मराठीही तीन हजारांवर. सरफोजीराजे श्वार्त्स नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले. त्यांनी 1805 साली छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापवल्या. 1855 साली त्यांचे चिरंजीव निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादीच मोडून टाकली.

मोडी कागदांच्या रुमालांविषयी विचारले, तेव्हा तिथले एक गृहस्थ आशेने म्हणाले, “तुम्ही महाराष्ट्रातून आलात, म्हणजे मोडी येत असेल?” रावांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

संध्याकाळी रावांच्या घरी पानात डांगराची पच्चडी आणि कटाचे सार होते. सार थेट माझ्या आजीच्या हातचे. चिंच तेवढी दक्षिणेची. रावांच्या मातोश्री नव्वदीच्या आहेत, कान अजून तिखट. नातवंडे त्यांना तमिळमध्ये बोलतात आणि त्या मराठीत उत्तर देतात. कुणालाच त्यात काही वाटत नाही.

“तुमच्याकडे सगळेच मराठी बोलतात?” त्यांनी मला विचारले.

“हो, आई.”

“बाजारातसुद्धा? भाजीवालीशी?”

“तिच्याशीसुद्धा.”

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मराठी ही स्वयंपाकघरात नि देवघरात बोलायची भाषा. तिने भाजीचा भाव करायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. मग त्या उठल्या आणि देवघराखालच्या फडताळातून लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आल्या. सासऱ्यांच्या वेळचे मोडी कागद. चार पिढ्या कुणी वाचले नव्हते.

“पुण्याला वाचणारे असतात म्हणे. नेता?”

“अग, त्यात काय असणार!” राव म्हणाले. “तांदूळ-तुपाचा हिशेब असेल.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “किती तूप होतं, तेवढं कळवा.”