बाटली फेकण्याआधी

चि. केतकी,


डोक्याला नुसती आग होते, आता केसांचं लोशन बंदच करून टाकते, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हापासून जिवाला चैन नाही. इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे सांगते. ती आग सोसत लावत राहू नकोस, आणि कशाची आहे हे कळल्याशिवाय औषध कायमचंही सोडू नकोस.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत मिनॉक्सिडिल लिहिलेलं असतं, पण ५ टक्क्यांच्या ६० मिलीच्या बाटलीत ते असतं जेमतेम ३ ग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात स्पिरिट आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ड्रॉपर उघडल्यावर नाकात जातो तो वास स्पिरिटचा, आणि लोशन वाळल्यावर केसांच्या मुळाशी उरतो तो चिकटपणा बहुतेक त्या ग्लायकॉलचा. पुष्कळांच्या टाळूला मानवत नाही ते हे ग्लायकॉलच. फोममध्ये ते नसतं. मिनॉक्सिडिलचा फोम अमेरिकेत २००६ साली आला, आता आपल्याकडेही मिळतो. बायकांसाठी ५ टक्क्यांचा फोम दिवसातून एकदाच, अर्धं झाकण, एवढाच असतो. तू लोशन लावतेस ते ५ टक्क्यांचं, तेही दोनदा. हे डॉक्टरांनी सांगितलंय की दुकानदाराने?

सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात. माणूस घाबरतो आणि चार थेंब जास्त टाकतो. तसं करू नकोस. मुळात मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले तेव्हा हा गुण लक्षात आला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायच्या औषधाला परवानगी मिळाली. म्हणजे ते रक्तात उतरलं तर हृदयावर काम करतं. खाजवून सोललेल्या त्वचेतून जास्तच उतरतं. छातीत धडधडलं, चक्कर आली, पाय सुजले तर त्याच क्षणी बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचा.

सध्या लोशन थांबव. थोडे दिवस थांबल्याने केस जात नाहीत, मिळालेला फायदा ओसरायलाही तीन-चार महिने लागतात. तेवढ्यात टाळूला शांत होऊ दे. ताई कांद्याचा रस लावायला सांगेल. तिची माया मला कळते, पण लाल झालेल्या त्वचेवर कांदाही नको आणि लिंबूही नको. तेलही नको, कारण तुला कोंडा आहे आणि कोंड्यातली बुरशी तेलावर पोसते. कोंड्याची खाज आणि औषधाची खाज एकमेकींत मिसळली की काही उमगत नाही. डॉक्टर कीटोकोनॅझोलचा शाम्पू देतील बहुधा. तो लावून लगेच धुवायचा नसतो, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा. आणि मैत्रिणीने दिलेली ती स्टेरॉइडची ट्यूब मात्र लावू नकोस. गल्लोगल्ली चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या या ट्यूबांनी किती जणींच्या चेहऱ्यांचं वाटोळं केलंय, ते मी पाहिलंय.

पुढे फोम लावूनही खाज सुटली, लाली कपाळावर किंवा कानामागे उतरली, पाणी सुटलं, तर मात्र खुद्द मिनॉक्सिडिलचीच ॲलर्जी असू शकते. त्वचेचे डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी बघतात, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी. त्यातून नक्की काय ते कळतं.

पुन्हा सुरू करशील तेव्हा केस पूर्ण कोरडे असू देत. औषध वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नकोस, हात धू, आणि मनीला उशीवर झोपू देऊ नकोस. मांजराने हे थोडं जरी चाटलं तरी जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना लोशन, शाम्पू, तेल, ती ट्यूब, सगळं एका पिशवीत घालून ने. नावं सांगण्यापेक्षा बाटल्याच समोर ठेव. भांगाचा आत्ताच एक फोटो काढून ठेव आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला रात्री कळव.

तुझी,
मावशी