पैसा फंडाच्या गावी काचखरेदी

गेल्या पावसाळ्यात तळेगाव स्टेशनच्या फलाटावर आमचा मोबाइल पालथा पडला. उचलून पाहतो तो पडद्यावर कोळ्याचे जाळे! आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. उपमा तत्काळ सुचली, उपाय सुचेना. त्या फोनमध्ये आमच्या आत्याबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आत्या त्याच वैशाखात गेल्या, आणि ते ध्वनिमुद्रण दुसरीकडे उतरवून ठेवण्याचे काम आम्ही वर्षभर पुढे ढकलत आलो होतो. पडदा निकामी झाला असता तर फोन उघडण्याचीही पंचाईत होती.

दुकानदाराने वरची संरक्षक काच नखाने उचकटली. खालचा पडदा शाबूत! 'काच फुटली म्हणून फोन वाचला,' तो म्हणाला. हे तर्कशास्त्र आम्हांला पुरते पटले नाही. ती पातळ काच थोड्या धक्क्यानेही फुटते; तिच्या फुटण्यावरून पडदा फुटलाच असता असे सिद्ध होत नाही. पण वाद घालण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो.

नव्या काचेसाठी त्याने पाकिटे मांडली. कुणावर '९एच', कुणावर 'अकरा डी'. हा नऊ आकडा खनिजांच्या काठिण्याचा असावा, अशी आमची आजवर भाबडी समजूत. प्रत्यक्षात तो पेन्सिलीचा आहे: ९एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोहसच्या श्रेणीत काच साधारण साडेपाच-सहावर आणि वाळूतले क्वार्ट्झ सातवर. म्हणजे खिशातला वाळूचा कण या '९एच'ला खुशाल ओरबाडतो. 'अकरा डी' हे तर निव्वळ विशेषण.

काचेच्या बाबतीत तळेगावकराने इतके अडाणी असू नये. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत जो पैसा फंड उभा केला, ज्याला टिळकांनी पाठबळ दिले, त्याचा काच कारखाना १९०८ साली इथेच निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. कारखान्याबरोबर कारागीरही घडले. रुपयाचे पैसे तेव्हा चौसष्ट. आमच्यापुढचे दीडशे रुपयांचे पाकीट म्हणजे, नुसता हिशोब मांडला तर, ९६०० माणसांची वर्षाची वर्गणी! (महागाईचा विचार अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांवर सोपवतो.)

एक गंमत मात्र सांगायला हवी. बाटली किंवा चिमणी घडवली की ती सावकाश निववतात, आतला ताण निघून जावा म्हणून. मोबाइलवरच्या चांगल्या काचेत ताण मुद्दाम भरतात. तापून वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात ती बुडवली की पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन निघून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात. त्या दाबामुळे बारीक चीर सहजी उघडत नाही. मात्र हे काम नीट झाले आहे की नाही, ते पाकिटावरून मुळीच कळत नाही.

अखेर आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या: डिंक केवळ कडांना नसून सबंध काचेला आहे ना, आणि आकार फोनला बरोबर बसतो ना. दीडशेचीच घेतली. बसवताना एका कोपऱ्यात धुळीचा कण अडकला, तो आजही तिथेच आहे. ओव्या मात्र त्याच रात्री संगणकावर उतरवल्या. एकूण तेवीस मिनिटे भरल्या. मध्येच आत्या थांबून विचारतात, 'चालू हाय का रं ते?'